नानासोंनी केलेला फॉरमॅट

नानासो सूर्यवंशींना कॉम्प्युटर येत नव्हता, आणि ही गोष्ट अख्ख्या सांगलीत फक्त दोघांना माहीत होती. एक ते स्वतः आणि दुसरा तो कॉम्प्युटर.

बाकी सगळ्यांचा समज असा, की नानासो साताऱ्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आले आहेत. गेले होते हे खरं. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याला क्रीडा संघटकांसाठी संगणकाचं शिबिर भरलं होतं. खेळ गावोगाव पोचवायचा, खेड्यातल्या पोरींना मैदानावर आणायचं आणि हे सगळं नव्या तंत्रानं करायचं, असा त्याचा हेतू पत्रकात छापला होता. नानासो निवृत्त पी.टी. मास्तर आणि कृष्णाकाठ खो-खो मंडळाचे सेक्रेटरी. तेव्हा मंडळातर्फे त्यांनीच जायचं हे ठरूनच गेलं. तिथं दुपारच्या जेवणाला बासुंदी-पुरी ठेवली आणि जेवणानंतर शिकवायला एक मऊ आवाजाचा तरणा मास्तर ठेवला, ही संयोजकांची चूक. नानासो शिट्टीवर जागे होणारे गृहस्थ. मऊ आवाजाला ते दाद देत नसत.

जाग आली तेव्हा फळ्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : फॉरमॅट बी. आणि तो तरणा मास्तर म्हणत होता, "काम सुरू करायच्या आधी फॉरमॅट करून घ्यायचा. त्याशिवाय पुढं काही नाही."

हे मात्र नानासोंना मनापासून पटलं. तीस वर्षं ते दुसरं काय सांगत होते? स्पर्धा कुठलीही असो, आधी फॉरमॅट ठरवा. साखळी पद्धत की बाद पद्धत, गट किती, कोण कुणाशी खेळणार. त्यांनी ती ओळ कंदी पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावर उतरवून घेतली आणि समाधानानं पुन्हा डोळे मिटले. शिबिरातनं ते दोनच गोष्टी घेऊन आले. पेढे घरी संपले. झाकण त्यांनी ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवलं.

कॉम्प्युटर आला तो साखर कारखान्याकडून. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव कारखान्याचे संचालक. कारखान्यानं नवी यंत्रं घेतली, तेव्हा त्यांनी जुन्यातलं एक मंडळाला अर्पण करवलं. त्यात हार्ड डिस्क होती, पण ती वारली होती. उरली होती फ्लॉप्यांची दोन तोंडं. वरच्या तोंडात यंत्र चालवणारी फ्लॉपी घालायची, खालच्या तोंडात आपली माहिती ठेवायची. पापडासारख्या लवचिक त्या काळ्या चकत्या बाहेर काढून ठेवल्या की यंत्राला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे. हंबीररावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. "लय नाजूक जिन्नस हाय," ते म्हणाले. "नाना, तुमी शिकून आलाय म्हणून तुमच्या ताब्यात देतोय."

नानासो म्हणाले, "काळजी नको."

तेवढे दोन शब्द बोलायला नको होते, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण हार घातलेल्या यंत्रासमोर 'मी झोपलो होतो' असं कोण म्हणेल?

टायपिंगला विश्रामबागेतल्या एका क्लासमधून मयूरी आगाशे नावाची पोरगी सकाळच्या वेळेपुरती येऊ लागली. बावीस वर्षांची, बोलायला तिखट, पण कामात चोख. नानासो तिच्या पाठीमागं हात बांधून उभे राहत आणि म्हणत, "मी सांगतो, तू टाईप कर." या एका वाक्यावर त्यांनी पावसाळा काढला, दिवाळी काढली. तिनं कधी विचारलंच, "सर, तुम्ही बसता का जरा?" तर नानासोंना लगेच मैदानावरच्या चुन्याच्या रेषांची आठवण होई.

खरी गंमत नावांची झाली. मंडळाच्या मुलींच्या संघात तोवर सांगलीतल्या दोन शाळांच्याच पोरी असायच्या. खेड्यातले बाप ऐकत नसत. मयूरीच्या डोक्यात एक कल्पना आली. तिनं गावोगावच्या एसटी थांब्यांवर कागद चिकटवले : तुमच्या मुलीचं नाव कॉम्प्युटरवर पाहा. हंबीरराव हसले. पण बाजाराच्या दिवशी पलूसकडची माणसं आली, पुढच्या आठवड्यात कवठे महांकाळची आली. पोरीला मैदानावर धाडणार नाही म्हणून ज्यांनी मास्तरांना दारातनं परत पाठवलं होतं, तेच बाप चपला काढून आत येत आणि त्या हिरव्या अक्षरांकडं गाभाऱ्यात बघावं तसं बघत. नाव इंग्रजीत असायचं, वाचता यायचं नाही, पण मयूरी बोट ठेवून दाखवी. बाप विचारी, "हे आता कायमचं?"

"कायमचं," नानासो सांगत, आणि पोरीचा अर्जाचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडून टोपलीत टाकत. "आता ह्याची गरज नाही."

हा विधी त्यांचा स्वतःचा शोध होता. मयूरीनं एकदा म्हटलं, "सर, कागद ठेवू या की." नानासो म्हणाले, "विश्वास पाहिजे, पोरी." कागद फाडला की बापाचा चेहरा उजळे. नानासोंचाही. कॉम्प्युटरचं एवढं एक काम त्यांना स्वतःला येत होतं.

जानेवारीत मयूरी चुलतबहिणीच्या लग्नाला वाईला गेली, आणि त्याच शनिवारी साताऱ्याहून खो-खोच्या विभागीय कचेरीतल्या सुमंतरावांचा फोन आला. "नानासाहेब, मुलींची निवड स्पर्धा ठरली. नावं आणि फॉरमॅट, दोन्ही फ्लॉपीवर करून पाठवा. सोमवारी मला हातात पाहिजे. इतर जिल्ह्यांचं कागदावरच आहे, पण तुमच्याकडं काय, तुम्ही शिकलेले."

नानासो म्हणाले, "काळजी नको."

मयूरीला वाईला फोन करता आला असता. लग्नघरी फोन होता, नंबर भिंतीवर लिहिलेला होता. नानासो त्या नंबराकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खण उघडून पेढ्यांचं झाकण काढलं.

मयूरी यंत्र कसं सुरू करते हे पाठीमागं उभं राहून त्यांना पाठ झालं होतं. नावांच्या दोन फ्लॉप्या होत्या. एक नेहमीची, आणि तीच नावं असलेली दुसरी, जपून ठेवलेली. नेहमीची त्यांनी खालच्या तोंडात घातली आणि झाकणावरची ओळ एका बोटानं, एकेक कळ शोधून, जशीच्या तशी टाईप केली. पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं. त्यातला एंटर हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी दाबला. यंत्राच्या पोटात दळण सुरू झालं. नानासो हात बांधून उभे राहिले. एवढ्या पोरी, एवढी गावं. साखळी लावायची की बाद, ह्याचा विचार करायला यंत्रालाही वेळ लागणारच. थोड्या वेळानं पडद्यावर उमटलं : फॉरमॅट कम्प्लीट.

नानासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं हे? उगीच दिवाळी चुन्याच्या रेषांत घालवली.

यंत्रानं लेबल विचारलं. कागदाखाली सही मागतात तसं काहीतरी असणार, म्हणून त्यांनी लिहिलं : NANASO. मग यंत्रानं विचारलं, आणखी एक फॉरमॅट करायचा का? हे नानासोंना फारच आवडलं. मुलींचा झाला, आता मुलांचा करू का, असं ते आपण होऊन विचारत होतं. मुलांची स्पर्धा मार्चात होती, पण काम पुढं ढकलायची नानासोंना सवय नव्हती. त्यांनी 'वाय' दाबलं आणि दुसरी, जपून ठेवलेली फ्लॉपी आत घातली. तिच्यावरही सही केली.

रविवारी साताऱ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं पहिली फ्लॉपी रवाना झाली.

सोमवारी सकाळी मयूरी वाईहून थेट ऑफिसात आली, हातावर मेंदी घेऊन. पाठोपाठ सुमंतरावांचा फोन आला. "नानासाहेब, फ्लॉपी कोरी आहे."

"कोरी म्हणजे?"

"म्हणजे कोरी. तुम्ही फॉरमॅट करून पाठवलीत, ती पाहिली. पण आत नावं नाहीत."

"फॉरमॅट आहे ना?"

"नानासाहेब," सुमंतराव म्हणाले, "नावं शुक्रवारपर्यंत द्या म्हणजे झालं."

मयूरीनं तोवर दुसरी फ्लॉपी यंत्रात घातली होती. तिनं काहीतरी दाबलं आणि थांबली. परत दाबलं. पडद्यावर एकच ओळ उभी होती, आणि तिच्या शेवटी हिरव्या अक्षरात होतं : NANASO. मयूरीनं ते वाचलं. मग तिनं मान वळवून नानासोंकडं बघितलं. नानासोंनीही ते वाचलं होतं. फॉरमॅट करणं म्हणजे फ्लॉपीवरचं सगळं पुसून ती कोरी करणं, हे त्यांना त्या क्षणी, शिबिरानंतर आठ महिन्यांनी, तिच्या तोंडाकडं बघून समजलं.

"व्हायरस असेल," नानासो म्हणाले.

"असेल," मयूरी म्हणाली.

एवढंच. ती ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत राहिली. मेंदीचे हात मांडीवर ठेवून, शाळेत नानासो स्वतः पोरांच्या कबुलीची वाट बघायचे तशी. नानासोंना चुन्याच्या रेषांची आठवण झाली.

दुपारी हंबीररावांना बातमी लागली. त्यांनी मयूरीला समोर उभं केलं. "पोरी, यंत्र तुझ्या हातात, नावं तुझ्या हातात. लग्नाला पळायच्या आदी बगायचं न्हाई व्हय? गुरवारी मीटिंग हाय. तवर दुसरं काम बगून ठेव."

मयूरीनं नानासोंकडं बघितलं. नानासो खिडकीतनं मैदानाकडं बघत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरी भाकरी नको म्हटलं. त्यांच्या बायकोनं, उमाबाईंनी, ताटाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "पोट बिघडलंय, का काय केलंय?"

नानासोंनी सांगितलं. सगळं नाही, पण झाकणाचं आणि मयूरीचं सांगितलं. उमाबाई भाकरी थापत ऐकत होत्या.

"शाळेत पोरानं काच फोडली आणि दुसऱ्याचं नाव सांगितलं, तर तुम्ही काय करायचा हो?"

"मैदानाला फेऱ्या."

"किती?"

"काच फोडल्याची एक. खोटं बोलल्याच्या पाच."

"मग झालं तर," उमाबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नानासो खरंच मैदानावर गेले. चौथ्या फेरीला त्यांना धाप लागली. तेवढ्यात हंबीररावांची जीप आली. "शाबास, नाना," त्यांनी खिडकीतनं हाक दिली. "एवढं संकट आलंय, तरी व्यायाम सोडला न्हाई. आजकालच्या पोरांनी हे बगाय पायजे." बुधवारी गावातले चौघेजण त्यांच्याबरोबर पळायला आले. नानासोंना फेऱ्या बंद कराव्या लागल्या.

गुरुवारी ऑफिसातच मीटिंग भरली. मयूरी दाराशी उभी होती. हंबीररावांनी घसा खाकरला, तसे नानासो उठले.

"नावं मयूरीनं पुसली नाहीत. मी पुसली."

हंबीररावांनी रुमाल काढून डोळे टिपले.

"ऐकलासा? ह्याला म्हंत्यात मास्तर. पोरीची चूक आपल्या अंगावर घेतोय."

"अंगावर घेत नाही, अध्यक्ष. मी केलंय."

"तेच म्हंतोय मी. मन लय मोटं."

"त्या फ्लॉपीवर माझं नाव आहे," नानासोंचा आवाज चढला. "बघा हवं तर. नानासो म्हणून."

"असणारच की. सेक्रेटरी हायसा तुमी. पोरीनं मान म्हणून घातलं आसंल. तेवढी अक्कल हाय तिला."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नानासोंचे कान तापले. आयुष्यात त्यांना इतकं कोणी वाखाणलं नव्हतं, आणि इतकं खुजंही कधी वाटलं नव्हतं. ते जेवढं खरं बोलत, तेवढी मयूरी जास्त दोषी ठरत होती. मयूरी दाराशी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिची वाट बघणं अजून संपलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या मागून एका माणसानं आत डोकावलं. ताठ उभा, मिशा पिळलेल्या, पायातले बूट हातात. कवठे महांकाळकडचे लालासाहेब, फौजेतनं रिटायर झालेले. पाठीशी त्यांची आई चंद्राबाई, नऊवारीतली, डोळ्यांवर तळहात धरून.

"माफ करा साहेब. आमी बाजारला आलतो," लालासाहेब म्हणाले. "आमच्या संयोगिताचं नाव हाय न्हवं कॉम्प्युटरवर? आमच्या आईला दाखवाचं हुतं. लय दिस मागं लागलीया. पोरीला खेळाय सोडायला तीच न्हाई म्हनत हुती. नाव चढलंय म्हनल्यावर मगच हो म्हनाली."

नानासोंना संयोगिता आठवली. तिचा कागद त्यांनी फाडला होता, तेव्हा ह्याच माणसानं त्यांना सॅल्यूट ठोकला होता.

"नाव नाही," नानासो म्हणाले. "मी पुसलं."

"तसं न्हाई हो," हंबीरराव मध्ये पडले. "मास्तर मोट्या मनाचे—"

नानासो कपाटापाशी गेले. कपाटात एकच भरलेली फ्लॉपी उरली होती, रेशमी पिशवीत, गंध लावलेली. हंबीररावांच्या एकसष्टीचा गौरव अंक. मयूरीनं दोन महिने बसून टाईप केला होता. नानासो यंत्रापाशी बसले. सेक्रेटरी त्या खुर्चीवर बसलेले आजवर कोणी पाहिले नव्हते.

"सर," मयूरी पहिल्यांदाच बोलली, "ती साहेबांची—"

"माहीत आहे," नानासो म्हणाले.

त्यांनी खणातनं पेढ्यांचं झाकण काढून पुढ्यात उभं केलं आणि एका बोटानं, कळा शोधत, ती ओळ टाईप केली. एंटर दाबलं. दळण सुरू झालं. सगळे जवळ येऊन बघत होते. पडद्यावर उमटलं : फॉरमॅट कम्प्लीट. लेबलच्या जागी नानासोंनी सही केली. मग खुर्ची बाजूला सरकवून ते म्हणाले, "मयूरी, आत काय आहे, दाखव साहेबांना."

मयूरीनं दाखवलं. आत काही नव्हतं.

हंबीरराव बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. "माजं बालपण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बालपण, शिक्षण, आणि कारखान्यातला संघर्ष," मयूरी म्हणाली.

"संगर्ष बी?"

"संघर्ष पण."

हंबीरराव खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता कोणी काही म्हणत नव्हतं, आणि नानासोंना कळलं की आपल्यावर विश्वास बसलाय. तीस वर्षांत कमावलेलं सगळं त्या शांततेत वाहून चाललं होतं, आणि ते थांबवायला त्यांनी हात पुढं केला नाही.

"शिबिरात मी झोपलो होतो," ते म्हणाले. "मला ह्यातलं काही येत नाही. येतं ते एवढंच, आत्ता केलं ते."

चंद्राबाईंना यातलं निम्मं समजलं नव्हतं. त्यांनी लेकाची बाही ओढली. "काय झालं रं? नाव कुटं हाय?"

लालासाहेबांनी नानासोंकडं बघितलं. फौजेत चुकलेल्या जवानाकडं बघतात, तसं. "परत लिवता येतंय का न्हाई?"

"येतं."

"मग लिवा की. गाडी चुकंल आमची."

मयूरीनं एक जुनी फ्लॉपी आत घातली आणि खुर्ची नानासोंपुढंच ठेवली. ती त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, हात बांधून. "मी सांगते, सर," ती म्हणाली. "तुम्ही टाईप करा."

एस. ए. एन. प्रत्येक अक्षराला नानासोंचं बोट अख्ख्या कळफलकावर फिरून येई. वाय सापडायला सगळ्यात वेळ लागला, शनिवारी ते पटकन सापडलं होतं. चंद्राबाई अगदी जवळ येऊन बघत होत्या. नाव पुरं झालं, तेव्हा त्यांनी पडद्याला बोट लावून ते ओठांना लावलं. "आता पुसायचं न्हाई हं, मास्तर," त्या म्हणाल्या.

नानासोंचे हात कळांवर तसेच होते. हललो तर परत काही जाईल, अशी भीती. सगळी सभा मागं उभी होती. त्यांनी मान न वळवता विचारलं,

"मयूरी, हे आता ठेवायचं कसं?"

"ह्या यंत्रात कंट्रोल आणि डब्ल्यू."

"दोन्ही एकदम?"

"एकदम."

त्यांनी दाबलं. यंत्र खरखरलं. मयूरीनं बंद करून परत उघडून दाखवलं. नाव होतं.

"पुढचं नाव सांगा, सर," मयूरी म्हणाली.

नानासोंनी टोपलीकडं बघितलं. ती रोज सकाळी रिकामी व्हायची. कुठल्या गावची कोण, कोणाची लेक, किती उंच उडी मारते, त्यातलं त्यांना काही आठवत नव्हतं. फाडताना त्यांनी वाचलंच नव्हतं.

ते उठले. दाराबाहेर जाऊन त्यांनी आपल्या चपला पायात सरकवल्या. लालासाहेब बुटाच्या नाड्या बांधत होते.

"तुमच्या वस्तीवर संयोगिताबरोबर आणखी कोण पोरी खेळतात?"

"हायत की चार-पाच. पण त्यांच्या बापांना सांगनार काय तुमी? कायमचं म्हनला हुतासा."

नानासोंनी चपलेचा अंगठा नीट बसवला.

"मी पुसलं म्हणून सांगीन," ते म्हणाले. "तुमची गाडी किती वाजता?"